अंगणातली पायपेटी : नेब्रास्कातले जुने फोटो कसे वाचायचे

फोटोत एक शेतकरी कुटुंब आहे. भोवती गुरंढोरं, पायाखाली तुडवलेली माती, आणि या सगळ्याच्या मधोमध एक देखणी पायपेटी. आपल्या संगीत नाटकांना साथ करायचा त्याच जातीचा ऑर्गन, पायांनी भाता चालवायचा. ही वस्तू दिवाणखान्यात शोभायची, चर्चमध्ये वाजायची. गुरांच्या वाड्यापाशी ती काय करते आहे?

अमेरिकेतल्या खेड्यांचे असे शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचे फोटो हल्ली संगणकाने रंग भरून, चेहरे गुळगुळीत करून आपल्या मोबाइलवर येत असतात. खाली एखादी हळवी ओळ असते, साधी माणसं आणि साधं आयुष्य अशा अर्थाची. आपण दोन सेकंद पाहतो आणि पुढे जातो. त्या दोन सेकंदांत काय निसटतं, ते या पायपेटीच्या फोटोवरून सांगता येईल.

हा फोटो नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीत, सार्जंट गावाजवळ काढला. कुटुंब डेव्हिड हिल्टन यांचं. ही मंडळी मातीच्या घरात राहत होती आणि हिल्टनबाईंना त्या घराची लाज वाटायची. दूर पूर्वेकडे राहणाऱ्या आपल्या माणसांना फोटो पाठवायचा होता, पण त्यात घर दिसायला नको होतं. आपल्याकडे पायपेटी आहे, हे मात्र दिसायलाच हवं होतं. म्हणून ती जड पेटी घरातून उचलून बाहेर आणली, फोटो काढला आणि पुन्हा आत नेऊन ठेवली.

आमच्या आजोळच्या अल्बममध्ये आजीचा एक फोटो आहे. ती खुर्चीवर ताठ बसली आहे आणि शेजारच्या तिवईवर, भरतकामाच्या रुमालावर, रेडिओ ठेवलेला आहे. गावात लाइट आल्यानंतर घेतलेला पहिला रेडिओ. हिल्टनबाईंची हकीकत वाचली तेव्हा मला तो रेडिओ आठवला. फोटो काढायच्या दिवशी माणूस नुसता उभा राहत नाही. आपण कोण आहोत याचा दावा मांडत असतो. कस्टर काउंटीचे फोटो मी असेच वाचतो, एकेक दावा म्हणून. आणि दावा समजायचा तर तो कशाबद्दल आहे आणि कुणापुढे केला आहे, हे आधी कळायला हवं.

कस्टर काउंटी कुठे आहे?

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. अमेरिकेच्या मध्यभागी, उत्तरेकडच्या बाजूला शेतीप्रधान राज्यांचा जो मोठा पट्टा आहे त्याला मिडवेस्ट म्हणतात. नेब्रास्का हे त्याच्या पश्चिम टोकाचं एक राज्य. कस्टर काउंटीचा पसारा सुमारे ६,६७० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडाच लहान. पण कोल्हापूर जिल्ह्यात अडतीस लाखांवर माणसं राहतात, तर इथे आज साडेदहा हजारांच्या आसपास.

ही काउंटी १८७७ मध्ये स्थापन झाली. १८८० च्या जनगणनेत तिथे २,२११ माणसं होती. १८९० मध्ये २१,६७७. दहा वर्षांत जवळजवळ दहापट! मधल्या काळात, १८८६ मध्ये, ब्रोकन बो या मुख्य गावापर्यंत रेल्वे आली होती. ब्रोकन बो म्हणजे मोडकं धनुष्य. पोस्टखात्याने आधी सुचवलेली नावं नाकारली, तेव्हा इथे वसलेल्या एका माणसाने मूळनिवासींच्या जुन्या तळावर सापडलेल्या मोडक्या धनुष्यावरून हे नाव पाठवलं आणि ते मंजूर झालं. आधी कुणाची असलेली जमीन कुणाकडे गेली, हे त्या एका नावात आहे. त्याकडे पुढे येतोच.

फोटोग्राफर कोण होता?

सॉलोमन बुचर. जन्म १८५६. तरुणपणी एका फोटोवाल्याकडे उमेदवारी केली, मग फिरता विक्रेता झाला. १८८० मध्ये वडिलांनी इलिनॉय राज्यातली रेल्वेची नोकरी सोडून नेब्रास्कात जमीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा तोही छप्पर घातलेल्या घोडागाडीतून त्यांच्याबरोबर निघाला. त्याने स्वतःच्या नावे जमीन मागितली, थोडे दिवस राबला, आणि हे आपलं काम नव्हे हे ओळखून ती सरकारला परत करून टाकली. पुढे मिनेसोटात वैद्यकीचं शिक्षण सुरू केलं, तेही सोडलं, लग्न केलं आणि १८८२ मध्ये पुन्हा कस्टर काउंटीत आला. शाळेत शिकवलं, पैसे साठवले आणि काउंटीतला पहिला फोटो स्टुडिओ उभारला.

१८८६ मध्ये त्याच्या डोक्यात आलं की या काउंटीचा सचित्र इतिहास करायचा. वसाहत करणारी पहिली पिढी अजून हयात आहे, तिची घरं अजून उभी आहेत, तेवढ्यात प्रत्येकाच्या दारी जाऊन फोटो काढायचा आणि हकीकत लिहून घ्यायची. या कल्पनेने सात दिवस-रात्र झोप उडवली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. घोडागाडी, कॅमेरा आणि ज्यांवर तेव्हा फोटो उतरवत त्या काचांच्या पेट्या घेऊन तो निघाला. १८९२ पर्यंत एकट्या कस्टर काउंटीतले पंधराशेवर फोटो त्याने काढले. मुक्काम आणि जेवण त्या-त्या शेतकऱ्याकडे, बदल्यात फोटो.

ज्याला स्वतःला शेती जमली नाही, त्याने तिथे टिकून राहणाऱ्यांची अशी नोंद केली, याचं मला अप्रूप वाटतं. टिकणं किती अवघड आहे, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

जमीन फुकट मिळत होती, मग अवघड काय होतं?

अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. होमस्टेड म्हणजे सरकारी जमिनीवर वस्ती करून, ती कसून, आपल्या नावावर करून घ्यायची सोय. १६० एकर जमीन, म्हणजे अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद असा चौकोन. एकूण शुल्क १८ डॉलरच्या आसपास. अटी अशा: वय एकवीस पूर्ण हवं किंवा कुटुंबप्रमुख असायला हवं, आणि अमेरिकेचं नागरिकत्व हवं किंवा ते घेण्याचा इरादा जाहीर केलेला हवा. तिथे पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. मग दोन साक्षीदार उभे करून हे सगळं केल्याचं सिद्ध करायचं. तेव्हा कुठे मालकीचा कागद हातात पडायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी ताबा, पाच वर्षांची कसोटी, आणि मग सातबाऱ्यावर नाव.

म्हणूनच या फोटोंत घर, नांगरलेली जमीन, जनावरं, पवनचक्की आणि माणसं एका चौकटीत बसवलेली दिसतात. सरकारी कचेरीत ज्या गोष्टी सिद्ध करायच्या, त्याच गोष्टी फोटोतही मांडल्या आहेत. बुचरचे फोटो पुरावा म्हणून कचेरीत जात नव्हते. पण पाच वर्षं ज्या हिशेबात माणूस जगतो, तोच हिशेब फोटोसाठी उभं राहतानाही त्याच्या मनात असणार.

१६० एकर ऐकून आपले डोळे विस्फारतात. महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेच्या कायद्याने कोरडवाहू जमिनीची मर्यादाच ५४ एकर ठरवली आहे. पण कस्टर काउंटीच्या पश्चिम भागातून १०० अंश पश्चिम रेखांश जातो आणि साधारण या रेषेपाशी वर्षाचा पाऊस वीस इंचांवर येतो. तिच्या पश्चिमेला त्याहून कमी. वीस इंच म्हणजे काय, ते माणदेशातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय जमीन फुकट मिळाली तरी नांगर, बैल किंवा घोडे, बियाणं, विहीर आणि कुंपण फुकट नव्हतं. उंच पठारांवर तर पाण्यासाठी शेकडो फूट खोल जावं लागे.

देशभरात या कायद्याखाली सुमारे १६ लाख दावे अखेर मंजूर झाले आणि जवळपास २७ कोटी एकर जमीन लोकांच्या नावे झाली. दावा लावून मध्येच सोडून गेलेलेही लाखोंनी होते. बुचर त्यांच्यातलाच एक.

घर मातीचं का?

कारण लाकूड नव्हतं. मैलोन् मैल गवत, झाड औषधाला मिळायचं नाही. नदीकाठी थोडी झाडं, तीही लवकर संपली. रेल्वे येईपर्यंत कापीव लाकूड दुरून गाडीत घालून आणावं लागे आणि ते परवडत नसे.

मग माणसांनी जमिनीचीच वीट केली. या गवताची मुळं हजारो वर्षं एकमेकांत गुंतत गेलेली. ज्याने शेतातली हरळी किंवा कुंदा खणून काढला असेल, त्याला मुळं मातीला कशी धरून ठेवतात ते माहीत आहे. खास नांगराने या मातीच्या फूटभर रुंद आणि तीन-चार इंच जाड पट्ट्या कापायच्या, त्यांचे दोन-तीन फुटी तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली करून एकावर एक रचायचे. मुळांनी बांधलेल्या या थराला सॉड म्हणतात. भिंती दोन ते तीन फूट रुंद. सोळा बाय वीस फुटांच्या घरासाठी साधारण एकरभर जमिनीचा सॉड लागायचा. लोकांनी त्याला कौतुकाने ‘नेब्रास्काचा संगमरवर’ असं नाव दिलं होतं.

आतून हे घर कसं असायचं, हे मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे माळवदाच्या घरात राहिलेल्यांना लगेच कळेल. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पावसात मात्र हाल. बाहेर पाऊस थांबला तरी आत पुढे दोन-दोन दिवस छत ठिबकत राहायचं, तेही चिखलाचं पाणी. आढ्यातून माती, किडे, कधी सापही पडे, म्हणून छताखाली कापडाचा चांदवा बांधायचा. भिंती तासून त्यावर मातीचा गिलावा किंवा चुना, नाहीतर वर्तमानपत्रं चिकटवायची. खिडकीची काच ही चैन होती. जाड भिंतीतल्या खिडकीच्या कोनाड्यात फुलझाडांची कुंडी ठेवलेली काही फोटोंत दिसते.

आणि जळण? गव्याची आणि गाईची वाळलेली रानशेणी! जमेल तितकी गोळा करून घराशेजारी रचायची. ती नसेल तर मक्याची बुरकुंडं किंवा पिळा घालून बांधलेलं गवत. अमेरिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यात शेणावर होणारा स्वयंपाक नसतो. पण त्या बायकांनी पदर नसलेल्या कपड्यांत जे केलं, ते आपल्या आज्यांनी पदर खोचून केलं.

सगळीच घरं बुटकी नव्हती. इसाडोर हॉमाँट या बेल्जियममधून आलेल्या गृहस्थाने ब्रोकन बोच्या उत्तरेला चक्क दुमजली मातीचं घर बांधलं, कोपऱ्यांना बुरुजासारखी गोलाई देऊन. खर्च आला सुमारे ५०० डॉलर, त्या काळी मोठी रक्कम. त्याचा फोटो पाहताना ही माती आहे, यावर विश्वास बसत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते घर उभं होतं.

सगळे इतके गंभीर आणि रापलेले का दिसतात?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ठरलेलं उत्तर असं की फोटोला फार वेळ लागायचा, तेवढा वेळ हसू धरून ठेवता येत नसे. १८५० च्या फोटोंबद्दल ते पुष्कळसं खरं आहे. बुचरच्या फोटोंबद्दल नाही.

आधीच्या पद्धतीत काचेवर ओलं रसायन लावून ती वाळायच्या आत फोटो काढावा लागे आणि लगेच धुवावाही लागे. फोटोवाल्याला अंधारखोलीच बरोबर न्यावी लागे. १८७० नंतर कोरड्या काचा आल्या. या कारखान्यातून तयार येत, पेटीत महिनोन् महिने टिकत, फोटो काढून ठेवला आणि सवडीने धुतला तरी चाले. घोडागाडीतून माळरान पालथं घालणारा बुचर शक्य झाला तो या कोरड्या काचेमुळे. स्वच्छ उन्हात हिला फार तर एखाद-दोन सेकंद पुरत. तेवढं हसता आलं असतं.

लोक हसले नाहीत, कारण फोटो ही हसण्याची जागाच नव्हती. आपल्याकडेही जुन्या फोटोंत आजोबा काठी धरून गंभीर बसलेले असतात. आयुष्यात दोन-तीनदाच निघणारा फोटो, तो पुढच्या पिढ्या पाहणार. तिथे माणूस आपली प्रतिष्ठा घेऊन बसतो.

चेहऱ्यांच्या करडेपणाचं दुसरं कारण रसायनात आहे आणि ते फारसं सांगितलं जात नाही. त्या काळच्या काचेला फक्त निळा-जांभळा प्रकाश नीट ‘दिसत’ असे. लाल आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळं आकाश फोटोत पांढरं फटक येई. उन्हाने रापलेली लालसर त्वचा होती त्याहून काळवंडलेली येई, सुरकुत्या आणि वांग उठून दिसत. निळे डोळे मात्र इतके फिके येत की पाहणारा दचकावा. तिशीतली बाई पन्नाशीची दिसते, यात वाटा कष्टाचा आहेच, पण काचेचाही आहे. संगणकाने रंग भरणारा आजचा माणूस हे लक्षात घेत नाही. तो त्या काळवंडलेल्या करड्यावर तपकिरी रंग चढवतो आणि काचेची चूक त्या माणसाच्या चेहऱ्यावर कायमची बसवतो.

सामान बाहेर का मांडलं जायचं, याचंही थोडं उत्तर इथेच आहे. मातीच्या घरात काळोख असे आणि लखलखाट करणारी पूड १८८७ नंतर कुठे वापरात येऊ लागली. जे दाखवायचं ते उन्हात आणावं लागे.

छपरावर गाय कशी चढली?

रॉडिंग कुटुंबाचा फोटो या सगळ्यांत बहुधा सर्वात जास्त फिरलेला आहे. सार्जंटच्या उत्तरेला, १८८६ साली काढलेला. घरापुढे टेबल, टेबलावर कलिंगड, भोवती बसलेलं कुटुंब, आणि मागे छपरावर उभी असलेली गाय. अनेकांना हा बनाव वाटतो, कुणाला गंमत.

घर टेकडीच्या पोटात खणून काढलेलं आहे. पुढची भिंत तेवढी रचलेली, मागची बाजू म्हणजे टेकडीच. गाय छपरावर चढलेली नाही. ती मागच्या उतारावर चरते आहे आणि समोरून पाहणाऱ्याला छपरावर दिसते. कोकणातल्या डोंगरउतारावरच्या वाडीत वरच्या घराचं अंगण खालच्या घराच्या कौलांना टेकलेलं असतं, तसंच.

बाप्ये, बायका, पोरं, जनावरं आणि कलिंगड, सगळं एका ओळीत मांडलं आहे. हा दावा दूरच्या नातेवाइकांपुढे आहे: काळजी करू नका, इथे पिकतं.

फोटो मुद्दाम मांडलेले असतील तर ते खोटेच ना?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला वरवरचं उत्तर देऊन चालणार नाही, कारण बुचरने याहून पुढची गोष्टही केली. काचेवर खरवडून किंवा रेखाटून त्याने फोटोत नसलेल्या वस्तू घातल्या. त्याला ती फसवणूक वाटत नसे.

एका फोटोत तोंडाला फडकी बांधलेले लोक तारेचं कुंपण तोडताना दिसतात. १८८५ मध्ये शेतकऱ्यांनी ब्राइटन रँचचं, म्हणजे गुरं पाळायच्या एका मोठ्या मळ्याचं, पंधरा मैलांचं कुंपण तोडलं, त्या घटनेचा हा फोटो. मोठे गुरंपाळे सरकारी, म्हणजे सगळ्यांच्या, जमिनीलाच काटेरी तारेचं कुंपण घालून बसत आणि नव्याने आलेल्या शेतकऱ्याला आत येऊ देत नसत. भांडण खरं होतं, कुंपणही खरंच तुटलं होतं. पण फोटो घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, प्रसंग पुन्हा उभा करून काढलेला आहे. हातातल्या तार कापायच्या कात्र्याही लाकडाच्या आहेत.

तर मग? १८८५ मध्ये नेमकं काय घडलं, याचा पुरावा म्हणून हा फोटो मी वापरणार नाही. पण पंधरा वर्षांनी त्या लोकांना आपली कुठली आठवण पुस्तकात जावी असं वाटलं, याचा पुरावा म्हणून तो अस्सल आहे. हिल्टनांच्या पायपेटीचंही तसंच. ती घरात कुठे ठेवलेली होती ते फोटो सांगत नाही. तिच्या मालकिणीला काय सलत होतं ते सांगतो. प्रश्न बदलला की तोच फोटो भरवशाचा होतो.

फोटोत कोण आहे आणि कोण नाही?

क्रिसमन बहिणींचा फोटो पाहा. १८८६. मातीच्या घरापुढे चार तरुण बहिणी आणि खोगीर घातलेले घोडे. बाप गुरंपाळा होता, पण जमिनीचे दावे मुलींनी आपापल्या नावाने लावले. होमस्टेड कायद्यात अविवाहित स्त्रीला आणि विधवेला पुरुषाइतकाच हक्क होता. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहितेला नव्हता. थोरल्यांनी आधी दावे लावले, धाकट्यांना एकवीस पूर्ण होईपर्यंत थांबावं लागलं. जमिनीवर राहायची अट पाळायची, पण माळावर एकटीने राहायचं नाही, म्हणून त्या आळीपाळीने एकमेकींच्या घरी सोबतीला राहत. १८८० च्या दशकात स्वतःच्या नावावर १६० एकर मागणाऱ्या या मुली कॅमेऱ्याकडे सरळ पाहताहेत.

वेस्टरव्हिल गावाजवळ १८८७ मध्ये बुचरने जेरी शोर्स यांच्या कुटुंबाचा फोटो काढला. शोर्स पूर्वी गुलाम होते. शेजारची जमीन त्यांच्या भावांची: मोझेस स्पीझ आणि हेन्री वेब. तीन सख्खे भाऊ आणि तिघांची आडनावं वेगळी, कारण प्रत्येकाने आपापल्या पूर्वीच्या मालकाचं आडनाव घेतलं होतं. ज्यांना कायदा एकेकाळी दुसऱ्याची मालमत्ता मानत होता, ती माणसं आता स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या घरापुढे उभी आहेत. बुचरच्या सगळ्या फोटोंत मला हा सर्वात मोठा दावा वाटतो.

आणि जे नाहीत ते पॉनी लोक. लूप आणि प्लॅट या नद्यांच्या खोऱ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या राहत, मका पिकवत आणि गव्यांच्या शिकारीला जात. एकामागून एक करार करून त्यांची जमीन घेतली गेली. १८५७ च्या करारानंतर लूप नदीकाठचा एक तुकडा उरला आणि १८७० च्या दशकाच्या मध्यात तोही सोडून त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमाकडे जावं लागलं. बुचर कॅमेरा घेऊन निघाला तो त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. त्याच्या फोटोंतला माळ मोकळा दिसतो, कारण तो मोकळा करण्यात आला होता. काउंटीचं नावसुद्धा जॉर्ज कस्टर या लष्करी अधिकाऱ्याचं, जो १८७६ मध्ये लकोटा आणि शायेन योद्ध्यांशी लढताना मारला गेला. जमीन फुकट होती, असं म्हणताना ही किंमत कुणी मोजली ते सांगायला हवं.

पुढे काय झालं?

त्या काळी एक सिद्धान्त जोरात होता: जमीन नांगरली की पाऊस वाढतो. नेब्रास्का विद्यापीठातले एक प्राध्यापक, सॅम्युअल ऑगी, आणि १८८१ मध्ये पुस्तक लिहिणारे चार्ल्स डेना विल्बर यांनी तो पसरवला. रेल्वेला आणि जमिनीच्या दलालांना तो सोयीचा होता. १८८० च्या दशकात पाऊस खरंच बरा झाला आणि लोकांना तो पटला. फोटोंतला उमेदीचा सूर या दशकाचा आहे.

मग १८९० ला पावसाने दगा दिला. १८९३-९४ मध्ये तर होरपळच. धान्याचे भाव आधीच पडलेले होते. मका विकण्यापेक्षा जाळणं स्वस्त पडे, अशी वेळ आली होती. कर्ज, रेल्वेचं भाडं आणि पडलेला भाव यांविरुद्ध शेतकरी संघटित झाले. कस्टर काउंटीतलेच एक शेतकरी, ओमर केम, १८९० मध्ये या चळवळीच्या लोकपक्षाकडून अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले. पण अनेकांनी गाशा गुंडाळला. १९०० च्या जनगणनेत काउंटीत १९,७५८ माणसं उरली होती. बुचरने ज्यांच्या दारात फोटो काढले, त्यांतल्या कितीतरी दारांना पुढच्या दहा वर्षांत कुलूप लागलं. छपाईसाठी वर्गणी देणारेच उरले नाहीत, म्हणून त्याचं काउंटीच्या इतिहासाचं पुस्तकही अडलं.

१२ मार्च १८९९ ला बुचरचं घर जळालं. वर्षानुवर्षं लिहून घेतलेल्या हकीकती आणि छापलेले फोटो खाक झाले. काचा मात्र धान्याच्या कोठारात ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या. त्याने हकीकती पुन्हा गोळा केल्या. स्वेन फिंच नावाच्या जुन्या गुरंपाळ्याने पैसे घातले आणि १९०१ मध्ये कस्टर काउंटीचा इतिहास छापून निघाला. १९१२ मध्ये नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेने काचांचा संग्रह घेतला. आज त्यात तीन हजारांवर काचा आहेत. बुचर १९२७ मध्ये वारला.

या काचांचं संगणकीकरण झालं तेव्हा एक गोष्ट घडली. बुचर बाहेरच्या उन्हाचा अंदाज घेऊन फोटो काढी, त्यामुळे घरांची दारं कागदावर नुसते काळे चौकोन म्हणून उमटत. पण काचेवर त्या काळोखातही पुसट काहीतरी उतरलेलं होतं. मोठं करून, उजळून पाहिल्यावर दारांच्या आत सामान दिसू लागलं. शंभर वर्षांत कुणी न पाहिलेल्या मातीच्या घरांचं आतलं अंग. आपण काय दाखवायचं हे ठरवून माणसं बाहेर रांगेत उभी राहिली, आणि काचेने त्यांच्यामागच्या उघड्या दारातलंही टिपून ठेवलं.

हिल्टनांच्या त्या फोटोत मात्र घराचं दार नाहीच. बाईंनी ते चौकटीच्या बाहेर ठेवलं होतं.